पाटीवरची गाय, पाटीवरची म्हैस

आमच्या घरात जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर एक बटण होतं. कधीकाळी तिथं पंखा होता. पंखा गेला, बटण राहिलं. आम्ही घरचे त्याला इतके सरावलो होतो की ते आहे हेच विसरलो होतो. तो वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आला त्या दिवशी हातातली पेटी खाली न ठेवता त्यानं आधी ते बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "मावशी, ह्यानं काय होतं?"

मी म्हणलं, काहीच होत नाही.

त्याचं तोंड असं उतरलं, की मला वाटलं मी चुकून कुणाच्या तरी मयताची बातमी सांगितली.

सामान लावायच्या आधी त्यानं बाजारातून वायर आणली, भिंतीवरून खिळे मारत गोठ्यापर्यंत नेली आणि तिथं दिवा लावला. आता जिन्यापाशी दाबलं की गोठ्यात उजेड. आमच्या म्हशी बिचकून उभ्या राहिल्या. तो मात्र सुखानं भाकरी खायला बसला. म्हणाला, "दाबलं आन् काहीच झालं न्हाई, असं ठेवू नये मावशी. माणूस येडा होतो." मी मनात म्हणलं, झाला की.

आता त्याच्याविषयी तुम्हाला नीट सांगता येईल का याची मलाच शंका आहे. तो काय करत होता ते मला तेव्हा कळत नव्हतं आणि आज वयाची सत्तरी गाठली तरी पुरतं कळलेलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरचं. बीड जिल्ह्यात चौसाळ्याला हमरस्त्यावर आमचं किराणा दुकान. साखर बांधायला रद्दी यायची आणि मी ती बांधायच्या आधी वाचायची. त्यातल्या गोष्टींना कधी डोकं नसायचं, कधी शेपूट. तेव्हा अर्धवट कळलेल्या गोष्टीवर मान डोलावायची मला चांगली सवय होती. ती या भाडेकरूपुढं फार उपयोगी पडली.

आमचे हे वारल्यावर दुकान मीच बघत होते. दुकानाला लागून पिवळ्या पाटीचं टेलिफोन बूथ काढलं, तेव्हा गावोगाव निघत होती तशी. मागच्या खोलीत बायकांची दूध डेअरी, सकाळ-संध्याकाळ. त्या डेअरीसाठीच तो आला होता. मूळचा वडवणीकडचा, शिकला पुण्यात आणि नोकरीही तिथंच. मोठमोठ्या कारखान्यांतल्या मशीनींना पुढं काचा बसवायच्या, त्या काचांवर बोट दाबून मशीन चालवायची, असलं काहीतरी तो तिथं करायचा. ते सोडून इकडं आला. का आला, कावून आला, म्हणून सगळं गाव विचारायचं. मला त्यानं एकदा सांगितलं, की तिकडं मी एवढ्या काचा केल्या, पण त्या कोण दाबतं ते मला कधी दिसलंच नाही. आता हे काय कारण झालं नोकरी सोडायला?

तर तो एक डबा बनवत होता. जेवणाच्या डब्याएवढा, पुढून काच. काचेवर चित्रं उमटायची आणि चित्रावर बोट दाबलं की डबा ऐकायचा. त्याला तो पाटी म्हणायचा. दूध कुणाचं, गाईचं का म्हशीचं, माप किती, फॅट किती, सगळं बायकांनी बोटानं सांगायचं आणि पाटीनं पावती काढून द्यायची. तेव्हा बीडमधल्या बड्या लोकांचे मोबाईलसुद्धा बटणांचे होते. काचेला बोट लावल्यावर काम होतं हे आम्हाला जत्रेतल्या खेळासारखं वाटायचं.

पण खरं काम डब्यात नाहीच, असं त्याचं म्हणणं. खरं काम वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. एकदा चहा घेऊन वर गेले तर कॉम्प्युटरवर आमची पाटी जशीच्या तशी. तीच गाय, तीच म्हैस. मी म्हणलं, अहो, ती हितंच आहे तर डबा कशाला? हेच खाली मांडा की. तो म्हणाला, एकदाच लिहायचं, मग ते इथंही चालतं आणि डब्यातही. उद्या डबा दुसऱ्या कंपनीचा आणला तरी लिहिलेलं बदलायचं नाही. कुठल्यातरी थंड देशातल्या माणसांनी त्यासाठी एक साचा करून ठेवला होता म्हणे. पुण्याच्या मित्रानं तो साचा चकतीवर भरून एसटीच्या पार्सलनं पाठवला होता. मी ती चकती उलटी-सुलटी करून पाहिली. साचा काही दिसला नाही, माझंच तोंड दिसलं.

मी जरा विचार करून म्हणलं, म्हणजे आपल्या सोऱ्यासारखं. पीठ तेच, जाळी बदलली की कधी शेव, कधी चकली.

"उलटं, मावशी. सोऱ्या बदलतो. चकली तीच."

मी मान डोलावली. पण पुढं चकल्या पाडायला बसले की ते आठवायचं आणि हात थांबायचा. सोऱ्या बदलतो, चकली तीच. मग सोऱ्या बदलायचाच कशाला?

कॉम्प्युटरवरचं डब्यात घालायच्या आधी ते 'शिजवावं' लागायचं. हा त्याचाच शब्द. दुपारी शिजायला टाकायचा आणि हनुवटीला हात लावून बसायचा. मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. आमच्याकडं लाईट किती वेळा जायची ते काय सांगू. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला की आम्ही ओळखायचो, कच्चंच राहिलं.

त्यानं एकदा अंगठ्यांचा घोळ घातला ते सांगते. पाटीवरची चित्रं केवढी काढायची ते ठरवायला त्याला बायकांची बोटं किती रुंद आहेत ते बघायचं होतं. सरळ सांगितलं असतं तर झालं असतं. यानं काय केलं, एका काचेवर चुलीतली राख बारीक चाळून पसरली आणि डेअरीच्या दारात बसून येईल त्या बाईला म्हणायला लागला, दाबा अंगठा. आमच्याकडं अंगठा देण्याला फार मोठा अर्थ आहे. अंगठा दिला आणि रान गेलं, अशा गोष्टी घराघरांत. दोन-तीन बायकांनी दिला, चौथी किटली तिथंच टाकून घरी पळाली. घटकाभरात तिचा नवरा दारात.

"काय बे, बायामाणसांचे अंगठे कावून घेतो?"

याला काही सुधरेना. हा म्हणतो, बोटाची जाडी बघतोय. तो गडी म्हणतो, तुला काय करायची माझ्या बायकोच्या बोटाची जाडी? गोष्ट हातघाईवर आली. शेवटी मी दुकानातून उठले, सगळ्यांच्या देखत राखेत अंगठा दाबला आणि म्हणलं, जाऊ दे माझं दुकान गेलं तर. मग तो गडी हसला आणि जाता जाता स्वतःचंही बोट दाबून गेला. ऊसतोडीला जाऊन आलेल्या बायकांची राखेतली बोटं हा मात्र वाकून परत परत बघत होता. खोलीत गेला आणि सगळी चित्रं मोठी केली.

चित्रंच का, तर अक्षरांनी त्याला दगा दिला होता. कॉम्प्युटरवर 'म्हैस' छान दिसायची, डब्यात गेली की तिची मात्रा एकीकडं आणि हकार दुसरीकडं. उसवलेल्या गोधडीसारखी. मी म्हणलं, तुमी तर म्हणत होता तेच सगळीकडं चालतं. तो म्हणाला, चालतं, पण म्हैस सोडून. मग चित्र काढायचं ठरलं, तर त्याला म्हैस काढता येईना. गोठ्यात पाटावर बसून म्हशीकडं बघत राहायचा. पहिली म्हैस काढली ती कौसाबाईला दाखवली. कौसाबाई म्हणजे आमच्या डेअरीत सगळ्यांत आधी दूध घालणारी म्हातारी. नारायणगडाच्या वारीला जाणारी, अंगणातल्या उखळापासून एसटीच्या टपापर्यंत सगळ्याच्या पाया पडणारी. तिनं चित्र डोळ्याजवळ धरलं आणि विचारलं, "लेकरा, डुकराचं दूध कोण घालतंय आपल्याकडं?"

मग त्यानं आपल्या भागातल्या म्हशीसारखी लांब, मागं गेलेली शिंगं काढली. म्हैस झाली. गाय मात्र वशिंडाची काढली, तर जर्सीवाल्या बाया म्हणाल्या, ही आमची न्हाई. शेवटी वर गाय, खाली म्हैस अशी मांडणी ठरली आणि कुणाचंच पुरतं समाधान झालं नाही. पण बायका दाबायला शिकल्या. कैरी पिकली का बघतात तसं दाबायच्या. तो म्हणायचा, असंच पायजे, ही काच नुसतं शिवल्यानं ऐकत न्हाई.

त्याची बायको पुण्याला शाळेत शिकवायची. दर रविवारी तो माझ्या बूथमध्ये उभा राहून तिच्याशी बोलायचा. बोलताना बोटानं बूथच्या काचेवर चौकोन काढायचा. मी ऐकत नव्हते, पण बूथ माझ्या गल्ल्यापासून हातभर लांब, कान कुठं ठेवायचे? त्या दोघांचं ठरलं होतं ते असं. त्याच्या जुन्या कंपनीनं त्याची जागा दसऱ्याच्या सुट्ट्या संपेपर्यंत राखून ठेवली होती. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी दूध संघाचे साहेब आमच्या डेअरीत पाटी बघायला येणार होते. ते हो म्हणाले तर अशा पाट्या आणखी गावांत बसणार, हा इथंच राहणार आणि ती बीडला शाळा बघून इकडं येणार. नाही म्हणाले तर हा सगळं गुंडाळून पुण्याला. दोघं फार दिवस एकमेकांपासून लांब राहिले होते. तिचा आवाज मला ऐकू यायचा नाही, पण त्याचं उत्तर एकच असायचं. "दसऱ्यापर्यंत. आता दसऱ्यापर्यंतच."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो बीडला गेला. साहेबांसमोर घालायला बरा शर्ट घ्यायचा होता आणि पाटीसाठी काहीतरी वायर. तिथं मित्रानं सणाला ठेवून घेतलं. साहेब यायच्या दिवशी पहिल्या गाडीनं उतरला, घडीच्या खुणा असलेला शर्ट घालूनच. साहेबांची जीप त्याच्या मागोमाग.

साहेब माणूस बरा होता. खुर्ची नको म्हणाले, रांगेजवळ उभे राहिले. कौसाबाईनं किटली ठेवली, पाटीवर बोट दाबलं, पावती आली, म्हैस. पुढच्या बाईनं दाबलं, गाय. रांग भराभर चालली. साहेब खुश. म्हणाले, "बायकांना इतकं सहज जमेल असं वाटलं नव्हतं. पसंत आहे. पुढच्या गावांचं बघू."

मी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं आता तो हसेल. पण तो पाटीकडं टक लावून उभा होता आणि त्याच्या तोंडावर तेच पहिल्या दिवशीचं मयताचं.

"आक्का, थांबा," तो रांगेतल्या बाईला म्हणाला. "तुमी कुठं दाबलं?"

"म्हशीच्या शिंगाच्या वर," ती म्हणाली.

"वर का? म्हशीवर का न्हाई?"

"म्हशीवर दाबलं तर काईच होत न्हाई. आन् गाईच्या पायावर दाबलं तर म्हैस येती. कालपासून असंच हाय." तिनं हे असं सांगितलं, जसं नळाला आज उशिरा पाणी येतंय.

आता खरं सांगते, ते मलाही दिसलं होतं. पण तो रोज त्यात काही ना काही बदलायचा. मला वाटलं, बीडला जाताना त्यानंच करून ठेवलेला हाही एक बदल. बायकांनाही तेच वाटलं. जे हवं त्याच्या बोटभर वर दाबायचं, एवढंच. त्यात विचारायचं काय?

त्यानं स्वतः गाईच्या पोटाखाली दाबून बघितलं. म्हैस आली. परत दाबलं. परत म्हैस. मग तो जिना चढून वर पळाला, कॉम्प्युटरवर दाबून बघितलं, तसाच खाली आला. "वर बरोबर चालतंय," तो म्हणाला, पण आम्हाला नाही, भिंतीला म्हणाला. साहेब घड्याळ बघत होते. म्हणाले, "अहो, चालतंय ना? बायकांचं काही अडलंय का?"

"साहेब, थांबा. ह्यावर पसंतीचा शेरा मारू नका."

"का?"

"दाबतात एक आणि होतंय दुसरं. का होतंय ते मला माहीत नाही. ते कळेपर्यंत ही कुठल्याच गावात बसवू नका."

साहेब हसले. त्यांना वाटलं मोठेपणा करतोय. "अहो, मी हो म्हणतोय."

"मी नाही म्हणतोय."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तर डेअरीतल्या सगळ्या दचकल्या. माझ्या मनात आलं, जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावा. अरे बाबा, बायको तिकडं वाट बघतीय, ह्या माणसानं हो म्हणलंय, तू कशाला मधे? साहेब थोडे रागावले, थोडे गोंधळले. ज्याला काम द्यायचं तोच नको म्हणतो असा माणूस त्यांनी बघितला नसावा. "कळल्यावर कळवा," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

तो डब्याचं झाकण काढून बसला. वायरी ओढून बघितल्या, लावल्या, परत काढल्या. रांगेतल्या बायका आपापल्या किटल्या घेऊन घरी गेल्या. कौसाबाई तेवढी राहिली. तिला त्याची दया आली होती. ती म्हणाली, लेकरा, ती पाटी रुसली असंल तर माझ्यावर न्हाई रुसायची. परवा म्या तिला समद्या कोपऱ्यांत कुंकू लावलंय.

त्यानं मान वर केली.

तिनं सांगितलं ते असं. खंडेनवमीला तिनं डेअरीतला वजनकाटा पुजला, कॅन पुजले, मग पाटीला कशी सोडणार? लाईट गेलेली. काचेवर तळहात ठेवून ती पाया पडत होती आणि तेवढ्यात लाईट आली. काचेच्या कोपऱ्यात एक फुली उमटली. कौसाबाईला वाटलं, पाटी कुंकू मागतीय. तिनं फुलीवर कुंकू लावलं. तर फुली दुसऱ्या कोपऱ्यात. तिथं लावलं. तर तिसऱ्या. "चारी कोपरे मागितले तिनं, आन् मग मधी. समदीकडं लावलं, तवा कुठं गप झाली. मग म्या फडक्यानं पुसून घेतली, तुमी ओरडाल म्हणून."

त्यानं मला जे सांगितलं ते मी आपलं असं समजले. बोट कुठं पडलं हे त्या काचेला आपोआप कळत नाही, ते शिकवावं लागतं. शिकवायच्या वेळी ती एकेक फुली दाखवते. तुम्ही फुलीवर दाबायचं, म्हणजे ती समजते, असं दाबलं म्हणजे इथं. आणि हे शिकवणं सुरू कधी होतं, तर लाईट येताना काचेवर हात दाबलेला असला तर. ती युक्ती त्यानं स्वतःपुरती करून ठेवली होती. दुसरं कुणी लाईट येताना काचेवर हात ठेवून उभं राहील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पूजा त्याच्या हिशेबात नव्हती.

पण तरी त्याचं समाधान होईना. "फुलीवरच लावलं ना तुमी? मग चुकलं कसं? कसं लावलं, मला दाखवा."

"आता कुंकू लावून काय दाखवायचं," म्हणत कौसाबाईनं कनवटीची डबी काढली, बोट बुडवलं आणि त्याच्याच कपाळावर लावलं. दोन भुवयांच्या मधी टेकवलं आणि तसंच वर केसांपर्यंत ओढलं, ओवाळताना लावतात तसं.

तो हललाच नाही. कपाळावर लांब लाल रेघ, हातात स्क्रू पिळायचा पेचकस. मग हळूच म्हणाला, "वर ओढतात."

"मग? खाली ओढतात का कुणी?"

"टेकवलं फुलीवर, उचललं वर. आन् बोट जिथून उचललं ते ती धरते." तो पायरीवर बसला आणि हसायला लागला. बराच वेळ हसत होता. कौसाबाईनं मला खुणेनं विचारलं, काय झालं याला? मी खुणेनंच म्हणलं, मला काय माहीत?

मग त्याचं हसू एकदम थांबलं, कारण त्याला साहेब गेलेत हे आठवलं असावं. तो उठून बूथमध्ये गेला. रविवार नव्हता, पण दसऱ्याच्या सुट्टीमुळं ती घरी असणार होती. नंबर फिरवला. मी गल्ल्यावर बसले आणि या वेळी कान अजिबात लपवले नाहीत.

"मी… आले होते… हो म्हणाले."

थोडा वेळ तो ऐकत राहिला. पलीकडं तिला आनंद झाला असणार.

"नाही, ऐक ना. ते हो म्हणाले, मी नाही म्हणालो… का म्हणजे? चुकत होतं… तेव्हा माहीत नव्हतं. आता कळलं. पण आता ते गेले… परत येतील का, ते नाही सांगता येत… कुंकू लावलं होतं… कुंकू गं… नाही, मला नाही. म्हणजे मलाही लावलंय, पण ते नंतर. आधी पाटीला."

मग तो बोटानं काचेवर चौकोन काढू लागला. बूथच्या काचेतून मला त्याची पाठ दिसत होती, नव्या शर्टाच्या घडीसकट. दसरा होऊन गेला होता. साहेबांचं हो समजायचं का नाही समजायचं, तेही त्यालाच सांगता येत नव्हतं. मी देवाला म्हणलं, त्या पोरीनं आता काहीही बोलावं, पण फोन ठेवू नये.

आणि मग रिसिव्हरमधून हसण्याचा आवाज आला. इतका मोठा, की काच असूनही मला ऐकू आला. एवढ्या महिन्यांत मी तिचा ऐकलेला तो पहिला आवाज.

तो बाहेर आला. कपाळावरची रेघ घामानं पसरली होती. मी विचारलं, काय म्हणल्या?

"काही कळलं नाही, मावशी," तो म्हणाला. "मी म्हणलं, जमलं का नाही जमलं ते मला सांगता येत नाही. तर ती म्हणाली, राहू दे. मग विचारलं, खोली दोघांना पुरेल का?"

वरची खोली त्याच्या वायरींनी आणि डब्यांनी अशी भरलेली होती की तो स्वतःच तिथं तिरपा होऊन झोपायचा. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. मी म्हणलं, पुरंल की. आणि दुकान कौसाबाईच्या भरवशावर सोडून, वर जाऊन त्या खोलीच्या शेजारची जागा रिकामी करायला ज्वारीची पोती ओढू लागले. तो दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला, पोत्याला हात घातला आणि विचारलं, "कुणीकडं न्यायचं?"